‘वरनंच लावलंय की!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला म्हणून आपल्या अंकात गेल्या आठवड्यात गुऱ्हाळघरं आणि ऊसतोड टोळ्यांसाठी प्रथमोपचाराची एक चौकट छापून आली. कोयत्याचा वार बसला तर स्वच्छ फडकं दाबून धरा, धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका, अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, हे सगळं त्यात बरोबर आहे. एक ओळ मात्र खटकली. ‘भाजलेल्या जागेवर अँटिबायोटिक पावडर सढळ हाताने टाकावी, तिचा अपाय नसतो.’ ही ओळ आपण दुरुस्त करून पुन्हा छापावी, एवढ्यासाठी हे पत्र. कारण सांगायला जरा जागा लागेल, तेवढी द्यावी.

मी सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं ड्रेसिंगच्या खोलीतच गेली. निवृत्त झाल्यावर हुक्केरी तालुक्यातल्या आमच्या गावी आले, तरी लोक सोडत नाहीत. कुणीतरी ओसरीवर येतं, पाय पुढं करून बसतं आणि म्हणतं, “अक्का, एवढं बघा की.” पट्टी सोडली की खाली पिवळसर पावडरीचा कोंडा झालेला असतो. जखमेचं पाणी आणि पावडर मिळून वाळलेला थर. त्याच्यावर सकाळी पुन्हा पावडर, संध्याकाळी पुन्हा. किती दिवस टाकताय, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. “वरनंच लावलंय की अक्का, पोटात कुठं गेलंय?”

सीमाभागातून संपादकांना पत्र आलं की विषय वाचायच्या आधीच कळतो. हे पत्र त्यातलं नाही. तरी सीमा यात येणारच आहे, जरा पुढं.

वरून लागलेलं आत जात नाही, असं निपाणीकडच्या बायकांना तरी कुणी सांगू नये. तंबाखूचे शेंडे खुडायला सकाळी फडात शिरलं की पानावर दव असतं. हाताला चिकट काळा थर बसतो, बाह्या भिजतात आणि दुपारपर्यंत मळमळ, चक्कर, डोकं जड. भाकरी नको वाटते. तोंडात तंबाखूची चिमूट न घालणाऱ्या बाईलाही हे होतं. डॉक्टरी पुस्तकांत ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ म्हणून त्याची नोंद आहे. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून रक्तात जातं, आणि कातडी तर कुठं फाटलेली नसते. निकोटीनचा रेणू लहान, रेणुभार १६२, म्हणून त्याला वाट सापडते. साधारण ५०० च्या वरचे रेणू धड कातडीतून सहसा आत जात नाहीत, असा ढोबळ हिशेब औषधशास्त्रात धरतात. जखमेच्या पावडरीत असणाऱ्या निओमायसिनचा रेणू ६०० च्या वर आहे, पॉलिमिक्सिन बी १२०० च्या आसपास आणि बॅसिट्रासिन १४०० च्या आसपास. त्यामुळं ही पावडर हातावर सांडली, चोळली गेली, तरी आत काही जात नाही. इथपर्यंत लोकांचं म्हणणं खरं आहे.

पण हा पहारा देतं कोण? कातडीचा अगदी वरचा, मेलेल्या पेशींचा थर. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. भाजल्यावर, खरडून निघाल्यावर, मधुमेहाची जखम चिघळल्यावर सगळ्यात आधी जातो तो हाच. खाली उरते ती लाल, ओली जागा, बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यानं भरलेली. आणि जखम भरायला लागली म्हणजे जे दाणेदार लाल मांस वर येतं, ज्याला हात लागला की लगेच रक्त येतं, त्यात तर नव्या रक्तवाहिन्या आणखी जास्त. कौलं उडालेल्या घरात पाऊस विचारून येत नाही. अशा जागेवर टाकलेल्या औषधाचा काही वाटा रक्तात जाणारच. किती जाईल ते जागा केवढी, खोल किती, दिवसातून किती वेळा टाकलं आणि किती दिवस, यावर ठरतं. वरून घट्ट पट्टी बांधली तर आणखी वाढतं.

निओमायसिनचा इतिहास वाचला तर आपण काय टाकतोय ते लक्षात येईल. १९४९ साली वॅक्समन आणि लेचेव्हॅलिए यांनी ते मातीतल्या जंतूपासून काढलं. हे तेच वॅक्समन, ज्यांना स्ट्रेप्टोमायसिनसाठी पुढं १९५२ चं नोबेल मिळालं. औषध गुणी होतं, पण इंजेक्शनातून दिलं की कान आणि मूत्रपिंडं जायची, म्हणून इंजेक्शन मागं पडलं. तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून तीन टक्क्यांच्या आसपासच रक्तात जातं, म्हणून पोटासाठी राहिलं. आणि कातडीवर लावायला राहिलं, कारण कातडीतून जात नाही अशी समजूत. मग भाजलेल्या रोग्यांना, मोठ्या जखमा त्याच्या पाण्यानं धुतलेल्या रोग्यांना बहिरेपण आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत यायला लागल्या. जे इंजेक्शन धोक्याचं म्हणून बंद केलं, तेच उघड्या जखमेतून दिलं जात होतं.

आपल्या घराघरात जी मलमाची ट्यूब असते त्यातलं फ्रामायसेटिन हे काही वेगळं नाही. निओमायसिनमधलाच तो मुख्य घटक आहे. तेव्हा पावडर बंद करून मलम सुरू केलं, असं कुणी सांगायला लागलं की मला हसू येतं. दोन्ही एकदम लावणारेही आहेत.

या पावडरींच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की शरीराचा २० टक्क्यांहून जास्त भाग भाजलेला असेल, त्यातही मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा याच जातीची दुसरी अँटिबायोटिक चालू असतील, तर दिवसातून एकदाच लावावी. हे पत्रक मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत घडी घालून खोक्यात असतं आणि खोकं दुकानातच राहतं. रोग्याच्या घरी जाते ती नुसती डबी.

आता कानाचं. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात केसाळ पेशी. आवाज मेंदूला पोचवण्याचं काम त्यांचं. निओमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. रक्तात जास्त झाली की त्या पेशींत जाऊन बसतात आणि लवकर निघत नाहीत. म्हणून औषध बंद केल्यावरही कधी कधी काही आठवड्यांनी ऐकणं कमी होतं. मेलेली केसाळ पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात आणि जाड आवाज बराच काळ ऐकू येतो. त्यामुळं घरच्यांना वाटतं, म्हातारा सोयीनं ऐकतोय. काहींचा तोलही जातो, अंधारात चालताना भिंत धरावी लागते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, गुळवे, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे, होते. साठी ओलांडलेली, मधुमेह जुना, तरी हंगामात काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, तेच उभे. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाक गुळाला आला म्हणजे त्याची उष्णता ११८ अंशांच्या आसपास असते, उकळत्या पाण्यापेक्षा जास्त. पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. पाक ओघळत नाही. चिकटतो, आणि चिकटून भाजत राहतो. काहील वाफ्यात, म्हणजे पाक थंड करायच्या हौदात, रिकामी करताना दांडा सटकला आणि दाजींच्या दोन्ही पायांवर, गुडघ्याखाली पुढच्या बाजूला, पाक आला. पोरांनी घाबरून तो ओरबाडून काढला, त्याबरोबर कातडी आली. त्यावर कुणीतरी चुना आणि गोडेतेल घातलं. आपल्याकडं भाजलं की गावातला प्रत्येक जण डॉक्टर होतो.

जवळ म्हणून गडहिंग्लजला नेलं. तिथं एका खासगी दवाखान्यात काही दिवस ठेवलं, जखमेत पस होता म्हणून अमिकासिनची इंजेक्शनं दिली. घरी सोडलं. घरी गावातला एक ड्रेसिंग करणारा पोरगा रोज यायचा. पोरगा कष्टाळू, हात हलका. तो सकाळी करायचा, संध्याकाळी भाचा करायचा, आणि दोघेही निओमायसिनची पावडर टाकायचे. मी तेव्हा लेकीकडं पुण्याला होते. मधुमेहाची तपासणी दाजींची नेहमी बेळगावला असायची, तिथं रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे मूत्रपिंडं आधीच थकलेली. या जातीची औषधं शरीराबाहेर जातात ती मूत्रपिंडातूनच. तिथं वाट तुंबली की आत येणारं साठत जातं. बेळगावच्या डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, गोळ्या बदलल्या. पायावर काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही, कारण पायावर पट्टी होती आणि त्यांनी विचारल्यावर दाजींनी सांगितलं, ड्रेसिंग चालू आहे.

जखमा भरत आल्या तेव्हा एका रात्री अंगणात बसल्यावर दाजींनी माझ्या बहिणीला विचारलं, “यंदा रातकिडे नाहीत काय गं?” रातकिडे कानठळ्या बसतील असे ओरडत होते. मग कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी, नातवंडांचं बोलणं. भाच्याचा घोगरा आवाज मात्र नीट ऐकू यायचा, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी परत आल्यावर कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणीचा आलेख पुढं ठेवून त्यांनी दाखवलं, डावीकडं जाड आवाजांची रेघ ठीक, उजवीकडं बारीक आवाजांपाशी कडा कोसळल्यासारखी खाली गेलेली. त्यांनी सगळे कागद मागितले. भाच्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. गडहिंग्लजचं डिस्चार्ज कार्ड, बेळगावचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या. पावडरीचा उल्लेख एकाही कागदावर नाही. मी भाच्याला म्हटलं, गोठ्याच्या कोनाड्यात बघ. तिथं रिकाम्या डब्यांची पिशवीच निघाली. पोरं त्यांचं खेळणं करतील म्हणून बहिणीनं वर ठेवली होती.

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, वय आहे, मधुमेह आहे, इंजेक्शनं झालीत, मूत्रपिंडं मंद आहेत आणि ही पावडर आहे. यातलं नेमकं कुणी किती केलं ते मी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. भाजलेली जागा माझ्या अंदाजानं शरीराच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल, म्हणजे पत्रकातल्या २० टक्क्यांपेक्षा कमीच. फक्त पावडर असती तर कदाचित काही झालं नसतं. पण एकाच जातीची दोन औषधं एकाच माणसाच्या रक्तात दोन वाटांनी जात होती, आणि त्यांची बेरीज करणारं कुणी नव्हतं. दाजी आता कानात यंत्र घालतात, आणि ते शिट्टी मारतं म्हणून वैतागून काढून खिशात ठेवतात.

सीमा येते ती इथं. आमच्या भागात आजारी माणूस दोन राज्यांत विभागून औषध घेतो. संकेश्वर-निपाणीचा माणूस गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरज-सांगलीला, खानापूरचा बेळगावला नाहीतर थेट गोव्याला. जिथं एस.टी. लवकर मिळते, जिथं पाहुणा ओळखीचा असतो, तिथं. एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दिसत नाही. इकडच्या कागदावर अर्धं कन्नड, तिकडच्यावर अर्धं मराठी, डॉक्टरांचं अक्षर दोन्हीकडं सारखंच. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करायचं २०२३ मध्ये ठरलं तेव्हा दोन्ही सरकारांत काय वाजलं ते आपल्याच पानांवर वाचलंय. योजना कुणाची का असेना, रोग्याच्या पिशवीत एक पूर्ण कागद असावा एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्या कागदावर वरून लावलेलं औषधही असावं. गोळी लिहितात, इंजेक्शन लिहितात, पावडर लिहीत नाहीत.

हे वाचून कुणी ट्यूब उकिरड्यावर फेकू नये. विळ्यानं बोट कापलं, पोराचा गुडघा खरचटला, चप्पल लागली, अशा जखमेवर चिमूटभर मलम लावलं तर रक्तात जातं ते नगण्य. त्याला घाबरायचं कारण नाही. खरं म्हणजे तिथं मलमाचीही फार गरज नसते, साबण आणि वाहतं पाणी पुरतं. एकच लक्षात ठेवा, की निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनं २०१० साली त्याला ‘वर्षातलं ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. जखम भरायच्या ऐवजी भोवती खाज, लाली, बारीक पुटकुळ्या यायला लागल्या तर लोक समजतात जंतू वाढले, आणि अजून मलम थापतात.

माझा रोख आहे तो तळहातापेक्षा मोठ्या उघड्या जखमेवर. रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. हे माप कुणालाही घेता येतं, शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही. असे चार-पाच तळहात भाजले असतील, जखम महिनाभर चालणार असेल, माणूस म्हातारा असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर कुठलंही मलम किंवा पावडर विचारल्याशिवाय रोजच्या रोज ओतू नये.

आणि तान्ही बाळं. त्यांचं वजन कमी, त्या मानानं कातडी जास्त, आणि ती कातडीही अजून पक्की झालेली नसते. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या टाल्कम पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक जास्त पडलं आणि ३६ बाळं दगावली. ती पावडर कुणी पाजली नव्हती, ढुंगणाला लावली होती, लंगोटाखाली. आपल्याकडं आजी अजूनही बाळाच्या जांघेत बोरिक पावडर भरते. सोललेल्या जांघेत ती मुळीच घालू नये, हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते आणि प्रत्येक आजीचा रोष घेते.

भाजल्यावर डॉक्टर जे पांढरं मलम देतात, सिल्व्हर सल्फाडायझिन, ते १९६० च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे आणि लाखो लोकांच्या कामी आलंय. पण त्यात सल्फा आहे, आणि मोठ्या जखमेतून त्यातल्या सल्फाचा दहा टक्क्यांपर्यंत भाग आत जाऊ शकतो. ज्याला सल्फाच्या गोळीनं अंगावर पित्त उठलं, तोंड सोललं, त्यानं ते मलम लावायच्या आधी तोंड उघडून सांगायला हवं. दिवस भरत आलेल्या बाईला आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत. तपकिरी पोव्हिडोन आयोडीनचंही तसंच. मोठ्या उघड्या जागेवर रोज ओतलं तर आयोडीन रक्तात जातं, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना सांगूनच ते लावावं. कधी कधी दोष औषधाचा नसून ते ज्यात कालवलंय त्याचा असतो. मुपिरोसिनच्या काही मलमांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. ते मोठ्या जखमेतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसू शकतं, म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याच्या मोठ्या जखमेवर ते मलम नको असं त्याच्याच पत्रकात असतं.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवते, ती म्हणजे कॅप्सूल फोडून जखमेवर टाकणं. दुकानातून दोन कॅप्सूल घ्यायच्या, एक पाण्याबरोबर घ्यायची आणि एक उघडून पायावर. हे आमच्याकडं इतकं चालतं की कुणाला वावगंच वाटत नाही. ती पावडर निर्जंतुक नसते, जखमेत खड्यासारखी बसते, आणि कॅप्सूल पेनिसिलिनच्या जातीची असली तर ज्याला पेनिसिलिन सोसत नाही त्याला जखमेतूनही धाप लागू शकते, अंग सुजू शकतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पाकिटात सल्फाच्या पुड्या असायच्या, गोळी लागली की जखमेवर शिंपडायला. फायदा दिसेना आणि ॲलर्ज्या वाढल्या, म्हणून ती पद्धत सोडून दिली. लष्करानं सोडली, आमच्या गल्लीनं नाही.

मग भाजल्यावर करायचं काय? पाणी. गुऱ्हाळावर पाण्याला तोटा नसतो, मोटर चालूच असते. भाजल्या भाजल्या पाइप धरून निदान वीस मिनिटं गार, वाहतं पाणी. बर्फ नको. पाक ओढून काढू नका. साखरच ती, पाण्यानं विरघळून सुटते. जोडवी, पैंजण, करदोडा, अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. मग धुऊन कडक उन्हात वाळवलेलं जुनं मऊ सुती कापड किंवा धोतराचा तुकडा सैल झाकून दवाखाना. केळीचं पान तर आणखी छान, न चिकटणारं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात भाजलेल्यांच्या ड्रेसिंगसाठी ते निर्जंतुक करून वापरलेलंय. चुना, तेल, शाई, टूथपेस्ट, बिडीची राख यातलं काही नको. पावडर लावायची की नाही, कुठली आणि किती, ते डॉक्टरांनी जखम पाहिल्यावर.

औषधाच्या दुकानदारांनाही एक विनंती. आमच्या भागातले बरेच दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत, भली माणसं आहेत. एकच माणूस दर दोन-तीन दिवसांनी जखमेच्या पावडरीची डबी न्यायला लागला तर त्याला विचारा, जखम केवढी आहे? लघवी कमी झालीय का? कानात गुईं आवाज येतो का? खोक्यासकट डबी द्या. खोक्यावरचं नाव कापून केसपेपरला टाचणीनं लावलं की कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरला कळतं, आणि त्याला मराठी-कन्नडची अडचण नाही.

गावातल्या ड्रेसिंग करणाऱ्या पोरांना मी एक साधी शाळेची वही आखून दिलीय. तारीख, जखम किती तळहात, काय लावलं, दिवसातून किती वेळा, रोग्याला साखर आहे का, क्रिएटिनिन कधी तपासलं. पहिल्यांदा नाक मुरडलं, आता भरतात. शेवटचा रकाना आहे, ‘सध्या कुठलं इंजेक्शन चालू?’ तो भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण ‘लाल टोपणाचं’ यापलीकडं कुणाला नाव माहीत नसतं. मग गडहिंग्लजला नाहीतर बेळगावला फोन लावावा लागतो. वहीचा नमुना कुणाला हवा असेल तर आपल्या कार्यालयात ठेवायला पाठवते, झेरॉक्सचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. हुक्केरी, जि. बेळगाव